समर्थकच हात आखडता घेतात तेव्हा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार बराक ओबामा निवडून यावेत असे मनापासून वाटणाऱ्या काही समर्थकांनी २००८ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच प्रचारनिधीला पैसे देणे थांबवले. या रागाचे मूळ दूरसंचार कंपन्यांवरील खटल्यांत होते. न्यायालयाच्या परवानगीवाचून अमेरिकी सरकार संभाषणे टिपत असल्याचे डिसेंबर २००५ मध्ये उघड झाले होते. पुढच्याच वर्षी एटी अँड टी कंपनीतील निवृत्त तंत्रज्ञ मार्क क्लाइन यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील ६४१ए क्रमांकाच्या कुलूपबंद खोलीची हकीगत सांगितली. तारांमधून वाहणाऱ्या इंटरनेटच्या माहितीची हुबेहूब प्रत त्या खोलीत वळवली जात होती. सरकारला साथ देणाऱ्या अशा कंपन्यांना पूर्वलक्षी संरक्षण देणारे, म्हणजे झालेल्या गोष्टींबद्दलच्या खटल्यांतून सोडवणारे विधेयक रोखून धरण्यास साथ देऊ, असे ओबामांच्या प्रचारयंत्रणेने ऑक्टोबर २००७ मध्ये जाहीर केले होते. २० जून २००८ रोजी मात्र हे संरक्षण देणाऱ्याच तडजोडीच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला.

आदल्याच दिवशी त्यांनी सुमारे ८.४ कोटी डॉलरचा सरकारी निवडणूक निधी नाकारला होता. सारी भिस्त देणगीदारांवर आल्याने नाडी आपल्या हाती आहे, असे त्या देणगीदारांना वाटले तर नवल नाही. ओबामांच्याच संकेतस्थळावर 'विधेयकाच्या विरोधात मत द्या' अशी विनवणी करणारा गट उभा राहिला आणि त्याची सदस्यसंख्या २०,००० च्या वर गेली. ओबामांनी ३ जुलैला गटाला लेखी उत्तर दिले, पण भूमिका सोडली नाही. ९ जुलैला सिनेटमध्ये संरक्षणाचे कलम वगळण्याची दुरुस्ती त्यांचे मत मिळूनही ३२ विरुद्ध ६६ अशी पडली आणि त्यानंतर मूळ विधेयक त्यांच्याच मतासह ६९ विरुद्ध २८ ने संमत झाले. एकट्या सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडे १५ कोटी डॉलर जमले. या पुरात कोणाचे शंभर डॉलर आले नाहीत हे कोण मोजणार? शिवाय न आलेली देणगी रागाने अडली की खिसा रिकामा म्हणून, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये समलिंगी हक्कांच्या काही पुरस्कर्त्यांनी 'डोन्ट आस्क, डोन्ट गिव्ह' या नावाने डेमोक्रॅटिक पक्षाची देणगी रोखण्याचे आवाहन केले. सैन्यातील समलिंगींना मौन पाळायला लावणारे 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' हे धोरण रद्द करणाऱ्या कायद्यावर २२ डिसेंबर २०१० रोजी ओबामांची सही झाली. तिचे श्रेय केवळ या बहिष्काराला देणे मात्र धाडसाचे ठरेल.

२०२४ मध्ये हात आखडणारे बडे देणगीदार होते. २७ जूनच्या अटलांटातील वादचर्चेत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन अडखळले. ४ जुलैला डिस्ने घराण्याच्या वारसदार अ‍ॅबिगेल डिस्ने यांनी उमेदवार बदलेपर्यंत पक्षाला देणगी न देण्याचे जाहीर केले आणि 'फ्यूचर फॉरवर्ड' या बायडेनसमर्थक सुपर पॅकला (मर्यादेविना देणग्या घेऊ शकणाऱ्या स्वतंत्र प्रचारसंस्थेला) कबूल केलेले सुमारे ९ कोटी डॉलर अडल्याचे वृत्त १२ जुलैला आले. पक्षातील खासदारांचा दबावही वाढत होता. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. पुढील २४ तासांत कमला हॅरिस यांच्या प्रचाराकडे ८.१ कोटी डॉलर आले.