विद्यार्थी आणि समाजमाध्यमांचा जबाबदार वापर

समाजमाध्यमांवर वावरताना विद्यार्थ्याने सहाध्यायांच्या, शिक्षकांच्या आणि अनोळखी माणसांच्याही प्रतिष्ठेचा व खासगीपणाचा मान राखणे, शहानिशा न झालेला मजकूर न पसरवणे, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय त्याला देणे आणि आपल्या हातून नुकसान झाले तर ते निस्तरण्याची जबाबदारी घेणे, असा या संकल्पनेचा ढोबळ आशय आहे. शिक्षणशास्त्रात ती ‘डिजिटल नागरिकत्व’ या व्यापक विषयाचा भाग मानली जाते.

सुरक्षितता आणि नैतिकता यांची या विषयात नेहमी गल्लत होते. पासवर्ड कोणाला सांगू नये, ऑनलाइन ओळखीच्या माणसाला एकट्याने भेटायला जाऊ नये, हे सुरक्षिततेचे नियम. त्यांच्या केंद्रस्थानी विद्यार्थी स्वतः असतो. माझ्यामुळे दुसऱ्याचे काय होते, हा प्रश्न विचारला की नैतिकता सुरू होते. शाळेतली व्याख्याने आणि घरातले उपदेश बहुधा पहिल्याच गोष्टीभोवती, आणि त्यातही ‘मोबाइलवर किती वेळ घालवतोस’ या एका सवालाभोवती फिरत राहतात. वेळेचा प्रश्न खराच आहे. पण दिवसाला वीस मिनिटेच फोन हाती घेणारा मुलगाही तेवढ्यात वर्गमित्राला शाळा नकोशी करून सोडू शकतो.

वयाची अट : ‘फेसबुक’ २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुरते सुरू झाले आणि २००६ मध्ये १३ वर्षांवरील सर्वांना खुले झाले. बहुतेक समाजमाध्यमांवर आजही असलेली ही तेराची अट मुलांच्या मानसिक वाढीच्या अभ्यासातून आलेली नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेणे कंपन्यांवर बंधनकारक केले. ती उस्तवार नको म्हणून कंपन्यांनी त्याखालच्या मुलांना प्रवेशच नाकारला. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत ही मर्यादा १६ वर्षे आहे, पण सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ती १८ आहे.

प्रत्यक्षात जन्मवर्ष बदलून टाकले की खाते उघडते. म्हणजे अनेक मुलांची समाजमाध्यमांवरची पहिलीच कृती खोटे लिहिण्याची असते, आणि पुष्कळदा आईबापच शेजारी बसून ते वर्ष भरून देतात. त्याचे व्यावहारिक परिणामही आहेत. अकराव्या वर्षी स्वतःला १६ चा म्हणवणारा मुलगा तेरा वर्षांचा होतो, तेव्हा खात्याच्या लेखी तो १८ चा सज्ञान असतो, आणि अल्पवयीनांसाठी ठेवलेली बंधने त्याच्यापुरती गळून पडतात.

दुसऱ्याची छबी आणि संमती : जबाबदार वापराचा गाभा इथे आहे, आणि तोच सर्वांत कमी शिकवला जातो. एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. तासाला एका मुलीला डुलकी लागते. शेजारचा मुलगा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. संध्याकाळपर्यंत कोणीतरी पार्श्वभूमी कापून त्याचा स्टिकर बनवतो. स्टिकर झाला की फोटो कोणी, कुठे, कशासाठी काढला हे सगळे पुसले जाते. उघड्या तोंडाचा एक चेहरा उरतो, आणि तो कोणत्याही बोलण्याला जोडता येतो. दुसऱ्या ग्रुपवर, मग तिसऱ्या शाळेत तो जातो, तेव्हा तिथे तिला ओळखणारे कोणी नसते. मूळ फोटो काढणाऱ्याने तो ‘सर्वांसाठी डिलीट’ केला तरी आता फरक पडत नाही. या साखळीत एकानेही मनात वाईट धरलेले नसेल. एकाने गंमत केली, दुसऱ्याने हातातले कसब दाखवले, बाकीच्यांनी हसण्याची एकेक इमोजी टाकली. विचारले नाही ते फक्त तिला.

अशा वेळी हेतू शुद्ध होता की नव्हता यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. फोटो काढू देणे, तो जवळ ठेवू देणे, ग्रुपवर टाकू देणे आणि ग्रुपबाहेर जाऊ देणे या चार वेगवेगळ्या संमती आहेत. एक दिली म्हणजे उरलेल्या तीन मिळाल्या असे होत नाही. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. मैत्री तुटल्यावर जुने फोटो आणि जुने मेसेज हत्यारासारखे बाहेर काढले जातात, तेव्हा ‘तेव्हा तर चालत होते ना’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही.

खासगी संभाषणाचा स्क्रीनशॉट हा याच प्रकारात मोडतो. ‘स्नॅपचॅट’ने २०११ पासून पाहून झाल्यावर नाहीसे होणारे संदेश रूढ केले, पण समोरचा पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढू शकतो, हे कोणतेही तंत्र अडवू शकलेले नाही. एखाद्या ॲपला फोनमधली संपर्कयादी वाचू दिली की मित्रांचे, नातेवाइकांचे क्रमांक त्यांना न विचारता कंपनीकडे जातात, याची तर बहुतेकांना जाणीवही नसते. स्क्रीनशॉटच्या बाबतीत एक अपवादही आहे : धमकी, छळ किंवा स्वतःला इजा करून घेण्याची भाषा असेल, तर तो स्क्रीनशॉट विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवणे ही चहाडी नव्हे, मदत आहे. चव्हाट्यावर टाकणे आणि जबाबदार माणसाच्या हाती देणे यांतला हा फरक मुलांना समजतो. कोणीतरी तो नीट सांगावा मात्र लागतो.

छळ आणि बघे : नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी शाळेतल्या छळाच्या तीन खुणा सांगितल्या : दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोन पक्षांच्या बळातली तफावत. ऑनलाइन छळाला यातली दुसरी खूण जशीच्या तशी लावता येत नाही. छळणाऱ्याने पोस्ट एकदाच टाकलेली असते. तिची पुनरावृत्ती बाकीचे करतात, लाइक करून, शेअर करून, ‘हे पाहिलंस का’ म्हणून पुढे पाठवून. शाळेत चौकशी होते तेव्हा मूळ पोस्ट टाकणारा सापडतो, शिक्षा होते, प्रकरण मिटले असे वाटते. ज्यांच्यामुळे ते खऱ्या अर्थाने पसरले, त्यांतला प्रत्येक जण मात्र ‘मी तर फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटतो.

गर्दीत जबाबदारी वाटली जाऊन पातळ होते, हे मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. संकटातल्या माणसाचा आवाज आपल्या एकट्यालाच ऐकू येतो आहे असे वाटणारा मदतीला लवकर धावतो. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले की तो थबकतो. दोनशे जणांच्या ग्रुपवर मेसेजाखाली किती जणांनी तो वाचला हे दिसते आणि तरी कोणी बोलत नाही, यामागे तेच आहे. समोरासमोर ज्याच्या तोंडून उणा शब्द निघत नाही तो मुलगा कमेंटमध्ये का सुटतो, याचा विचार मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडला. नाव झाकलेले असणे, समोरचा न दिसणे, उत्तर लगेच न येणे अशी कारणे त्यांनी दिली. अर्थात वर्गाच्या ग्रुपवर सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून तिथे निनावीपणापेक्षा समोरच्याचा पडलेला चेहरा न दिसणे हेच कारण अधिक पटते.

उघड विरोध करणे प्रत्येकाला झेपेल असे नाही, आणि त्याची सक्तीही करू नये. कधीकधी विरोध करणाराच पुढचा बळी ठरतो. पण जिच्याबद्दल चालले आहे तिला खासगीत दोन ओळी पाठवणे, ॲडमिनला मजकूर काढायला सांगणे, रिपोर्ट करणे आणि निदान इमोजी न टाकणे, एवढे बघ्यालाही करता येते.

खऱ्या-खोट्याची शहानिशा : सोरोश व्होसोघी व सहकाऱ्यांनी २००६ ते २०१७ या काळात ‘ट्विटर’वर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या या अभ्यासात खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्के अधिक आढळली. स्वयंचलित खात्यांनी खरे आणि खोटे सारख्याच वेगाने पसरवले होते. फरक पाडला तो माणसांनी : खोटे अधिक नवे वाटते, म्हणून ते हातोहात पुढे जाते.

विद्यार्थी जन्मापासून स्क्रीनसोबत वाढले म्हणून त्यांना खरे-खोटे कळते, हा समजही टिकलेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०१६ च्या अहवालात ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात ‘मिडल स्कूल’मधील (साधारण सहावी ते आठवी) ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी बातमी समजली होती. त्याच विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना केली. विद्यार्थीच काय, अनेक इतिहासकारही समोरचे संकेतस्थळ वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि त्याच्या देखणेपणाला फसले. तपासनीसांनी काही क्षणांतच नवे टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिले. ही युक्ती शिकवायला सोपी आहे.

पुढे पाठवण्याचे बटण किंचित अवघड केले तरी फरक पडतो, असा अनुभव आहे. ‘व्हॉट्सॲप’ने एका वेळी फॉरवर्ड करण्याची मर्यादा २०१८ मध्ये भारतात आणि २०१९ मध्ये जगभर पाच चॅटवर आणली. एप्रिल २०२० पासून आधीच पुष्कळदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येऊ लागला. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

श्रेय आणि अभ्यासातला प्रामाणिकपणा : दुसऱ्याचे चित्र, कविता किंवा रील नावाचा कोपरा कापून स्वतःच्या खात्यावर टाकणे ही चोरीच. शंका येते ती एकमेकांची अभ्यासातली अडचण सोडवण्याबद्दल. गणित कसे सोडवायचे हे ग्रुपवर समजावणे अभ्यास आहे. सोडवलेल्या पानाचा फोटो टाकणे म्हणजे चाळीस जणांना नक्कल पुरवणे. सकाळच्या तुकडीने प्रश्नपत्रिका दुपारच्या तुकडीला कळवणे याला मुले मैत्री म्हणतात, पण त्यात तिसऱ्या, ग्रुपवर नसलेल्या मुलावर अन्याय होतो.

बनावट खाती आणि बनावट चित्रे : शिक्षकाच्या नावाने विनोदी खाते काढणे हा जुना खोडसाळपणा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी त्याला भयंकर वळण दिले. साध्या फोटोवरून सहाध्यायी मुलीचे विवस्त्र चित्र तयार करणे आता शाळकरी मुलालाही जमते. ‘ते खरे नाहीच’ हा युक्तिवाद इथे पोकळ आहे, कारण बदनामी, भीती आणि शाळेत तोंड दाखवण्याची लाज खरी असते. अनेक देशांत असे चित्र बनवणे वा पसरवणे गुन्हा आहे, आणि करणारा स्वतः अल्पवयीन असला तरी त्याला कायदेशीर कारवाईला तोंड द्यावे लागू शकते.

रचनेचा वाटा : सगळा भार विद्यार्थ्याच्या सदसद्विवेकावर टाकणे अन्यायाचे आहे. एझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये रचलेली अखंड स्क्रोलची पद्धत आणि ‘फेसबुक’ने २००९ मध्ये आणलेले लाइकचे बटण, या दोहोंनी थांबण्याची जागा नाहीशी केली आणि प्रत्येक बोलण्याला गुण द्यायची सवय लावली. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबतच्या प्रमुख सरकारी अधिकाऱ्याच्या, २०२३ च्या सूचनापत्रात, ही माध्यमे मुलांसाठी पुरेशी सुरक्षित आहेत असे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष आहे. मात्र वापर आणि मानसिक त्रास यांत कारण कोणते व परिणाम कोणता, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही.

या शंकेपोटी काही देश थेट बंदीकडे वळले. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांत मोबाइल वापरण्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. दुसऱ्या बाजूला, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ च्या आपल्या २५ व्या सर्वसाधारण टिप्पणीत मुलांना डिजिटल जगातही माहितीचा, अभिव्यक्तीचा आणि खासगीपणाचा हक्क असल्याचे नोंदवले आहे. बंदीने वय पुढे ढकलले जाते. सोळाव्या वर्षी खाते उघडणाऱ्यालाही संमती कशाशी खातात हे शिकवावेच लागेल.

शाळेचा अधिकार कुठवर : सुटीच्या दिवशी घरून केलेल्या पोस्टबद्दल शाळा शिक्षा करू शकते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये हा प्रश्न आला. शाळेच्या चीअरलीडिंगच्या (सामन्यात खेळाडूंना प्रोत्साहन देणाऱ्या) मुख्य चमूत निवड न झाल्याने चिडलेल्या मुलीने शनिवारी, शाळेबाहेरून, ‘स्नॅपचॅट’वर शिवराळ मजकूर टाकला होता आणि तिला वर्षभरासाठी कनिष्ठ चमूतून काढले होते. न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. पण गंभीर छळ किंवा धमक्या असतील तर शाळेबाहेरच्या बोलण्यातही शाळेला लक्ष घालता येईल, असे म्हटले. खासगी म्हणवलेला ग्रुप मात्र प्रत्येक वेळी वाचवत नाही. २०१७ मध्ये हार्वर्डने अशा ग्रुपवरच्या लैंगिक व वंशद्वेषी मीम्समुळे किमान दहा जणांचे प्रवेश रद्द केले.

चूक झाल्यावर : पोस्ट काढणे ही पहिली पायरी, पण ती काढून गप्प बसणे पुरेसे नाही. जिथे टाकली त्याच ग्रुपवर ‘हे चुकीचे होते, कोणी पुढे पाठवू नका, ज्यांनी सेव्ह केले त्यांनी काढा’ असे लिहावे लागते, कारण खासगीत मागितलेली माफी मजकुरामागे धावत नाही. खोट्या बातमीची दुरुस्तीही जिथे ती पाठवली तिथेच करावी. ज्याचा छळ झाला त्याने मजकूर काढला जाण्यापूर्वी तारीख-वेळ दिसेल असा पुरावा जपावा. नग्न छायाचित्रे याला अपवाद आहेत, त्यांच्या प्रती कोणीच करू नयेत. अठरा वर्षांखालील वयातल्या अशा चित्रांसाठी अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे, आणि ती इतर देशांतल्या मुलांनाही वापरता येते. तीत चित्र पाठवावे लागत नाही. फोनवरच त्याची आकड्या-अक्षरांची खूण तयार होते, फक्त ती खूण केंद्राकडे जाते, आणि सहभागी कंपन्या आपल्या माध्यमांवर तिच्याशी जुळणारे चित्र शोधून काढून टाकतात. चित्रात थोडा बदल केला असेल तर खूण जुळेलच असे नाही, आणि कंपनी या योजनेत सहभागी नसेल तर तिच्या माध्यमावर वेगळी तक्रार करावी लागते.