पवित्र प्रभाकर आणि नूरा : एक रूपांतर, एक पाहुणी

पवित्र प्रभाकर हा आपला भारतीय हिरो स्पायडरमॅनच्या जोडीला आला, असं बरेच जण सांगतात. ‘द नाइन्टी-नाइन’ या कुवेती कॉमिकमधल्या नायकांना ‘अरबी जस्टिस लीग’ म्हणणारेही भेटतात; जस्टिस लीग म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे अमेरिकी नायकांचा संघ. दोन्हीकडे घोटाळा एकच आहे. मूळ नायकाचं स्थानिक रूपांतर आणि दुसऱ्या देशातून आलेला नवाकोरा नायक यांची सरमिसळ होते. कॉमिक्सवर प्रेम करणाऱ्यांनी तरी हा फरक जपायला हवा, कारण त्यावरून कथा कशी वाचायची हेच बदलतं.

आधी पवित्र. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी तो घडवला आणि २००४ साली चार अंकांच्या मालिकेत तो आला. नावापासूनच बघा. मूळ स्पायडरमॅन पीटर पार्कर, इथला पवित्र प्रभाकर. त्याची प्रेयसी मेरी जेन, इथे मीरा जैन. खलनायक नॉर्मन ऑसबॉर्न, इथे नलिन ओबेरॉय. आद्याक्षरं जुळवून नावं बेतलेली आहेत. मराठी कानाला तर ‘प्रभाकर’ हे आडनाव लगेच वेगळं वाटतं, आपल्याकडे ते वडिलांच्या नावाच्या जागी जास्त शोभेल. मे काकूंच्या जागी माया काकू आहेत आणि बेन काकांच्या जागी भीम काका. गावाकडचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून मुंबईला येतो, एक योगी त्याला कोळ्याची शक्ती देतो आणि अंगावर वर जाळीदार पोशाख आणि खाली चक्क धोतर येतं. १९६२च्या मूळ कथेत किरणोत्सारी कोळी चावतो, कारण तो अणुयुगाचा काळ होता. इथे त्या जागी योगी आला.

पण सांगाडा तोच. संकटात सापडलेल्या एका बाईला मदत न करता पवित्र निघून जातो. भीम काका मात्र मदतीला धावतात आणि मारले जातात. पीटरनेही एका चोराला असंच जाऊ दिलं होतं आणि त्यात बेन काका गेले होते. देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला, तेव्हा प्रेक्षकांना दोन्हीतलं नातं ठाऊक नसलं तरी नाटक भिडत होतं. तरी ते रूपांतरच होतं. पवित्रचंही तसंच आहे, आणि यात त्याला कमी लेखण्यासारखं काही नाही. चांगलं रूपांतर करायला दोन्ही घरं ओळखीची असावी लागतात.

आता दुसरी गोष्ट. कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नाईफ अल-मुतावा यांनी २००६च्या सुमारास तश्कील या आपल्या प्रकाशनातर्फे ‘द नाइन्टी-नाइन’ सुरू केलं. कल्पनेचं मूळ अल्लाहच्या ९९ नावांत, म्हणजे ९९ गुणांत आहे. १२५८ साली मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं तेव्हा तिथल्या ग्रंथांतलं ज्ञान ९९ रत्नांत साठवून वाचवलं गेलं आणि ती रत्नं जगभर विखुरली, अशी ही कथा. ज्याला रत्न सापडेल त्याला एक गुण मिळतो. फक्त एकच. त्यामुळे एकट्याने सगळं जिंकणारा नायक इथे होऊच शकत नाही. हे नायक सहसा तिघातिघांनी मिळून काम करतात. मला या मालिकेत सगळ्यात आवडतं ते हेच.

नूराचं उदाहरण घ्या. संयुक्त अरब अमिरातीतली ही मुलगी खंडणीसाठी पळवली जाते. सुटकेसाठी भुयार खणताना मातीत तिच्या हाताला रत्न लागतं आणि तेव्हापासून तिला माणसांच्या आतला उजेड-अंधार दिसू लागतो. ही कुणाची प्रतिकृती आहे? कुणाचीच नाही. सौदीचा जब्बार अंगापिंडाने प्रचंड आहे म्हणून त्याला सुपरमॅनच्या पंगतीत बसवण्याचा मोह होतो, पण त्याची शक्ती भूसुरुंगाच्या स्फोटात शरीरात घुसलेल्या रत्नाच्या तुकड्यांतून आली आहे. तिचा सुपरमॅनच्या क्रिप्टॉन ग्रहाशी काडीचाही संबंध नाही.

म्हणूनच २०१० साली सुपरमॅन-बॅटमॅनच्या कॉमिक्सची प्रकाशक डीसी हिने जस्टिस लीग आणि द नाइन्टी-नाइन यांना सहा अंकांच्या मालिकेत एकत्र आणलं, तेव्हा ती खरी जुगलबंदी होती. दोन घराणी एका मंचावर आली आणि आपापली गायकी घेऊनच बसली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन एकीकडे, नूरा-जब्बार दुसरीकडे. कुणाला जागा करून देण्यासाठी कुणाला पुसावं लागलं नाही.

ओळखायची खूण इथेच सापडते. मूळ नायक पाहुणा म्हणून या नव्या नायकाच्या गावी येऊ शकतो का, एवढंच विचारा. नूराच्या गावी सुपरमॅन बिनदिक्कत येईल. पवित्रच्या मुंबईत पीटरला जागाच नाही, कारण त्या जागेवर पवित्र उभा आहे. दोघांना भेटवायचं तर दोन वेगळी विश्वं मानावी लागतात, आणि २०१४च्या ‘स्पायडर-व्हर्स’ या कॉमिक-कथेत स्पायडरमॅनची प्रकाशक मार्व्हल हिने तेच केलं. मालकीचंही तसंच : पवित्र मार्व्हलच्या घरातला, नूरा तश्कीलची.

मधली एक जातही आहे, तिच्यामुळे गोंधळ वाढतो. जानेवारी १९५५च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २१५मध्ये इंग्लंडचा नाइट, फ्रान्सचा मस्केटिअर, अर्जेंटिनाचा गाउचो असे देशोदेशीचे ‘बॅटमॅन’ जमतात. हे सगळे बॅटमॅनला गुरू मानून त्याच्याच जगात राहतात. वरची कसोटी लावली तर ते नव्या नायकांत मोडतात, पण त्यांची प्रेरणा उसनी आहे. माझ्या मते ते शिष्य.

आणि पवित्र? २०२३चा ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट भारतात मराठीसकट दहा भाषांत आला. त्यात तो मुंबॅटन नावाच्या शहरात राहतो आणि ‘चाय टी’ म्हणणाऱ्या माइल्सला, म्हणजे चित्रपटाच्या नायक स्पायडरमॅनला, चाय म्हणजेच टी हे तिथल्या तिथे समजावतो. मीरा जैनच्या जागी आता गायत्री सिंग आहे, आद्याक्षरं पीटरची कॉमिकमधली दुसरी प्रेयसी ग्वेन स्टेसी हिची. ग्वेनचे वडील पोलीस कॅप्टन, गायत्रीचे वडील इन्स्पेक्टर. कॉमिकमध्ये कॅप्टन स्टेसी मरतात, म्हणून सांगाड्याप्रमाणे इन्स्पेक्टर सिंग यांनीही मरायला हवं. पण माइल्स झेप घेऊन त्यांना वाचवतो, आणि थोड्याच वेळात मुंबॅटनला भगदाड पडायला लागतं.