जुन्या आउटबोर्डचा स्पार्क गेला असेल तर

बोटीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड मोटरीची दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, इंजिन मात्र दाद देत नाही. अशी मोटर मग अडगळीत जाते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बऱ्याच आउटबोर्ड मोटरी मुळात धडधाकट असतात, बिघाड फ्लायव्हीलखालच्या (वरच्या जड चाकाखालच्या) मॅग्नेटोत, म्हणजे स्पार्क तयार करणाऱ्या यंत्रणेत असतो. ती भंगारात काढण्याआधी आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांचं हे पत्रक जरूर वाचा.

१९५० आणि ६०च्या दशकांतल्या जॉन्सन, एव्हिनरूड यांच्या दोरीने सुरू होणाऱ्या छोट्या मोटरींना स्पार्कसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलसमोरून फिरतं, कॉइलच्या जाड तारेत करंट वाहू लागतो. नेमक्या वेळी फिरणारा कॅम ‘पॉइंट’ नावाचा छोटा स्विच उघडतो, करंट तुटतो आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उठतात. पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर चांगला नसेल तर पॉइंटवरच ठिणग्या उडतात आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. दोन सिलिंडरच्या मोटरीत पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांचे दोन स्वतंत्र संच असतात. त्यामुळे एका बाजूचा स्पार्क गेला तरी इंजिन सुरू होऊ शकतं, पण ओढत नाही.

मोटर आमच्याकडे आणण्याआधी एवढं पाहा

दोन्ही प्लग काढा. ते ओले, काळे किंवा फुटलेले असतील तर नवे बसवून बघा. बंद करायचं बटण असलेल्या मोटरीत त्याची वायर तात्पुरती सोडवून पाहा. ती वायर कुठे घासून, धातूला टेकून अर्थ झाली असेल, तर सगळं ठीक असूनही स्पार्क येणार नाही. तपासणी पेट्रोलच्या टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत करा आणि प्लगची वायर हातात धरू नका. स्पार्क टेस्टर असेल तर सुमारे ६ मिलिमीटरचं अंतर पार करणारा, निळा, कडकडीत स्पार्क यायला हवा. पिवळसर आणि मलूल ठिणगीवर भरवसा ठेवू नका.

फ्लायव्हील मात्र उपटू नका

ही आमची कळकळीची विनंती आहे. फ्लायव्हील निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं. त्याच्या कडेला पकड लावून ओढलं किंवा खाली पहारीने उचकटलं तर ते वाकतं. हातोडीच्या घावांनी शाफ्टचे आटे जातात, चुंबकही कमजोर होऊ शकतं. फ्लायव्हीलवर मध्याजवळ आटे पाडलेली तीन भोकं असतात, त्यांतच बोल्ट घालून पुलर लावायचा.

आम्ही काय करतो

आधी पॉइंट. मोटर पडून राहिली की त्यांच्या टोकांवर ऑक्साइडचा थर चढतो. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण करंट अडवायला पुरतो. बारीक कानशीने हलकेच घासून, मग सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला पुठ्ठा फिरवला की मेलेला वाटणारा स्पार्क अनेकदा लगेच परत येतो. त्यानंतर पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्याने) गॅप लावतो. वर सांगितलेल्या बहुतेक मोटरींत तो ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असतो. गॅप जास्त झाला तर स्पार्कचं टायमिंग पुढे सरकतं, कमी झाला तर मागे पडतं, म्हणून इथे अंदाज चालत नाही.

मग कॉइल. त्या काळच्या कॉइलांचं वरचं आवरण वयानुसार तडकतं आणि भेगेतून ओल आत शिरते. अशी मोटर थंड असताना चालते, तापली की बंद पडते, निवली की पुन्हा चालते. भेग दिसली की आम्ही कॉइल बदलायलाच सांगतो, आज स्पार्क येत असला तरीही. एका कॉइलला भेग असेल तर दुसरीही तेवढीच जुनी असते, म्हणून दोन्ही एकदम बदललेल्या बऱ्या. नवी कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पट्ट्यांची टोकं प्लेटवरच्या खुणेच्या कडेशी बोटाला समतल लागली पाहिजेत. जरा बाहेर राहिली तर चुंबकाला घासतात, आणि फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला चकचकीत ओरखडा उठतो.

कंडेन्सर मीटरवर तपासतो, प्लगच्या कडक झालेल्या वायरी बदलतो. कॅमला तेल देणाऱ्या फेल्टवर एखादाच थेंब सोडतो, कारण जास्तीचं तेल उडून पॉइंटवर जातं आणि तिथे जळतं. फ्लायव्हील परत चढवण्याआधी चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसतो, शाफ्टचा निमुळता भाग कोरडा करतो आणि फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी धरणारी चावी झिजलेली नाही ना ते बघतो. नट कंपनीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळतो.

शेवटची चाचणी पाण्याच्या टाकीत, इंजिन चांगलं तापेपर्यंत. तुम्हीही मोटर कोरडी चालवू नका, पंपाचा रबरी इम्पेलर त्यात खराब होतो.

मोटर आणताना पट्टीवरचा मॉडेल नंबर कळवा आणि ती थंड असताना बंद पडते की तापल्यावर, हे जरूर सांगा. आधी कोणी सुटे केलेले भाग असतील तर गंजलेले स्क्रूही टाकू नका, सगळे घेऊन या. बदललेले जुने भाग मोटरीबरोबर परत मिळतील.