रोकड घटली, चोरीची वाट बदलली

कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, सर्रास रोखीत मिळायची, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव-पिंपळगावच्या बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवाला घोर लिलाव संपल्यावर लागायचा. पैसे बंडीच्या आतल्या खिशात, नाहीतर पिशवीच्या तळाशी आणि वर मेथीची जुडी. चोरांचं कामही त्याच मापाचं होतं. बँकेच्या दारापासून पाळत ठेवायची, रस्त्यात दहा-वीसच्या नोटा टाकून 'काका, तुमचे पैसे पडले' म्हणायचं आणि काका वाकले की दुचाकीला अडकवलेली पिशवी घेऊन पळायचं.

शहरात तोतया पोलिसांचा प्रकार वेगळा. सकाळी फिरायला निघालेल्या आजींना ते अडवायचे, 'पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा' म्हणायचे आणि स्वतःच गाठ मारून द्यायचे. घरी गाठ सोडली की आत खडे. हा तोतया पुढे पुन्हा भेटणार आहे.

छापील पैशाशी नाशिकचं नातं जुनं आहे. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्याआधी त्या इंग्लंडहून यायच्या. मुद्रांकही इथलेच, आणि तेलगीच्या बनावट मुद्रांक घोटाळ्याचे धागे इथून बाहेर गेलेल्या जुन्या यंत्रांपर्यंत पोचले होते. मुद्रांकाच्या कागदाऐवजी यंत्राचा छाप (फ्रँकिंग) आणि ई-मुद्रांक आल्यावर बनावट मुद्रांकांच्या धंद्याची जागा आक्रसली.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या सुमारे ८६ टक्के किमतीच्या नोटा बाद झाल्या. जिल्ह्यातले लिलाव थंडावले, मग चेकवर सुरू झाले, आणि काही शेतकऱ्यांच्या हाती न वटणारे चेक आले. रोख हातात नसल्याचा हा पहिला फटका होता. तो चोराने दिला नव्हता, म्हणून चोरीच्या आकड्यांत कुठे दिसणारही नव्हता. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला बंदी आली. सप्टेंबर २०१९ मध्ये वर्षाला एक कोटीवरच्या रोख उचलीवर दोन टक्के करकपात लागली, पण शेतकऱ्यांना पैसे चुकते करणाऱ्या बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांना त्याच महिन्यात सूट द्यावी लागली. 'रोकड घटली' म्हणताना म्हणूनच जपून बोलायला हवं. नोटाबंदीच्या आधी देशात सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा होत्या, मार्च २०२५ पर्यंत त्या दुपटीहून जास्त झाल्या. घटली ती रोजच्या व्यवहारातली रोख. भाजीवाल्याकडची, रिक्षातली, रविवार कारंजावरच्या दुकानातली.

यातून गुन्हे कमी होतात का? बाहेरचे दोन दाखले नेहमी दिले जातात. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १९९० च्या दशकात सरकारी मदतीचे धनादेश जाऊन कार्ड आलं, आणि अभ्यासकांना एकूण गुन्ह्यांत सुमारे दहा टक्के घट दिसली. स्वीडनमध्ये बँकांवरचे दरोडे २००८ मध्ये ११० होते, २०११ मध्ये १६ उरले. दुसरा दाखला देणारे त्याचा उत्तरार्ध मात्र गाळतात: तिथेच संगणकावरून होणाऱ्या फसवणुकीची प्रकरणं २००० मध्ये तीन हजारांच्या थोडी वर होती, ती २०११ पर्यंत वीस हजारांच्या जवळ गेली. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, सोनं. ते मोबाइलमध्ये शिरत नाही, गळ्यातच राहतं. खिशातलं पाकीट हलकं झालं तरी सोनसाखळीवरची झडप थांबली नाही.

सगळ्यात कमी चर्चा झालेला आणि सगळ्यात जास्त माणसांना भोवलेला निर्णय मात्र ६ जुलै २०१७ चा आहे. खात्यातून ऑनलाइन पैसे परस्पर गेले तर ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं. सहकारी बँकांना तेच नियम डिसेंबरात लागू झाले, आणि नाशिकसारख्या सहकाराच्या जिल्ह्यात ते महत्त्वाचं होतं. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला शून्य तोशीस. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार. दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर. वाचायला हे फार चांगलं आहे.

सगळी मेख एका शब्दात आहे, 'निष्काळजीपणा'. ग्राहकाने पिन, पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल तेवढंच बँकेचं. आता गुन्ह्याची रीतच अशी, की चोर खात्याला हात लावत नाही, मालकाकडूनच कळ दाबून घेतो. 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' म्हणणारी कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे यूपीआयवरून आलेली पैशांची मागणी, हा त्यातला सर्वांत सोपा सापळा, आणि व्यक्ती-व्यक्तींमधल्या अशा रिक्वेस्ट बंद व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडावं लागलं. तोवर फसलेला प्रत्येक जण कागदावर निष्काळजी. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. रुमालात दागिने बांधणाऱ्या आजींनीही ते आपल्या हातानेच काढले होते, पण त्यांना कुणी निष्काळजी ठरवून परत पाठवलं नाही. गुन्हा फसवणुकीचाच नोंदवला गेला.

तोच तोतया आता व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून बसतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, कॉल बंद करू नका, घरात कुणाला सांगू नका.' कॉलवरच कोंडून ठेवण्याच्या या प्रकाराला डिजिटल अरेस्ट म्हणतात, पण अशी तरतूद भारतीय कायद्यात कुठेही नाही. तरी २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांतच देशात त्यापायी १२० कोटी रुपये गेले. त्या अख्ख्या वर्षात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम २२,८४५ कोटी, आदल्या वर्षी ती ७,४६५ कोटी होती. निवृत्त माणूस स्वतः बँकेत जातो, मुदतठेव मोडतो, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म भरून सही करतो. खिडकीपलीकडच्या नजरेत हा व्यवहार पूर्ण अधिकृत असतो, आणि २०१७ चे नियम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

मग उरतो तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक. तक्रार पहिल्या तास-दोन तासांत गेली तर पुढच्या खात्यांत रक्कम गोठवता येते. ही खाती बहुधा भाड्याची असतात, कमिशनवर दिलेली, एकातून दुसऱ्यात पैसे पळवणारी. त्या साखळीतले चार-पाच हजार एखाद्या दुकानदाराकडे मालाचे म्हणून आले, तर त्याचंही खातं 'होल्ड'वर जातं आणि तक्रार परराज्यातली असेल तर खुलासा तिथल्या ठाण्याला द्यावा लागतो. असा फटका बसलेले व्यापारी क्यूआरचा कागद काढून ठेवतात आणि गिऱ्हाइकाला सुटे आहेत का, असं विचारतात.