नव्या गेमसाठी ग्राफिक कार्ड घ्यायला निघालाय? जरा थांबा की

टोटल वॉर या लढायांच्या स्ट्रॅटेजी गेमवाल्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये मेडिव्हल ३ जाहीर केला आणि आमच्या बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरकडची पोरं लगेच ग्राफिक कार्डाचे भाव विचारत सुटली. अरे गेम अजून अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, कुठला कॉम्प्युटर लागणार याची यादीसुद्धा आलेली नाही, आणि यांचं बजेट ठरलं पण!

कारण विचारलं तर उत्तर एकच, "गेम म्हणजे ग्राफिकच की". बंदुकीच्या गेमला हे बऱ्यापैकी लागू पडतं. स्ट्रॅटेजी गेमचं दुखणं वेगळं. निम्मा नकाशा जिंकून झाला, सगळीकडे सैन्यं पसरली, की 'एंड टर्न' (आपली पाळी संपली) दाबायचं आणि कॉम्प्युटरचे खेळाडू आपापल्या चाली ठरवेपर्यंत बसायचं बघत. तेव्हा स्क्रीनवर नवीन फारसं काही काढायचं नसतं, त्यामुळे ग्राफिक कार्ड जवळजवळ रिकामं, राबतो तो प्रोसेसर. सिव्हिलायझेशन ६ या स्ट्रॅटेजी गेममध्ये तर बेंचमार्कच (वेग मोजायच्या चाचण्या) दोन दिलेत, एक ग्राफिकचा आणि दुसरा कॉम्प्युटरच्या खेळाडूंना एका टर्नला किती सेकंद लागतात ते मोजणारा.

आता राबतो म्हटलं खरं, पण त्यातला बराच वेळ प्रोसेसर नुसता वाट बघत असतो, आणि या सगळ्या भानगडीत मला आवडतं ते हेच. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके, एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. रॅममधून एखादा आकडा मागवला की तो यायला साधारण ८० नॅनोसेकंद, म्हणजे ३२० ठोके गेले. तेवढ्यात हजारभर सूचना उरकल्या असत्या. म्हणून चिपवरच थोडी वेगवान मेमरी ठेवतात, ती कॅशे. ओळीनं रचलेली माहिती असेल तर पुढची काय लागणार हे प्रोसेसर ओळखतो आणि आधीच मागवून ठेवतो. पण स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रश्न कसे असतात बघा: हे सैन्य कुणाचं, तर अमक्या सरदाराचं, तो सरदार कुणाच्या पदरी, त्या राजाचं शेजाऱ्याशी वैर की सोयरीक? प्रत्येक उत्तर हातात आल्यावरच पुढचं कुठं शोधायचं ते कळतं, त्यामुळे आधी मागवायची सोयच नाही, आणि ही माहिती रॅमभर विखुरलेली.

बरं मग नवी रॅम घेऊ? वरच्या ८० नॅनोसेकंदांतला एक तुकडा खुद्द रॅमच्या चिपचा, तो किती ठोक्यांचा ते 'सीएल' हा आकडा सांगतो. जुन्या पिढीच्या डीडीआर३-१६०० सीएल११ रॅमची ही सीएलची वाट १३.७५ नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० सीएल२२ ची पण १३.७५! (सीएलला २००० नं गुणा आणि १६०० किंवा ३२०० नं भागा, स्वतःच करून बघा.) डीडीआर५-४८०० सीएल४० ची तर १६.६७. म्हणजे एका वेळी माल जास्त यायला लागला, पण पहिला दाणा यायची वाट तेवढीच राहिली. एएमडीनं २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी काढला, त्यात चिपवरच कॅशेचा आणखी एक थर चढवून ३२ चे ९६ एमबी केले. कमाल वेग उलट ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आला, तरी असल्या गेममध्ये तो आपल्या साध्या भावाला, म्हणजे जादा कॅशे नसलेल्या ५८००एक्सला, मागं टाकतो. गिगाहर्ट्झचे आकडे बघून प्रोसेसर घेणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) वाढवूनही एका हद्दीपर्यंतच फायदा. कॉम्प्युटर रचनाकार जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं की कामाचा जो भाग एकामागून एकच होऊ शकतो तोच शेवटी नडतो. ४० टक्के काम तसलं असेल तर कितीही कोर लावा, वेग अडीच पटीच्या वर जात नाही. रस्ता सहापदरी केला तरी आमच्या दुसऱ्या रेल्वे गेटला सगळे एकत्रच थांबणार की.

यावरून आणखी एक गंमत, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५ टक्के दिसतो म्हणून लोक म्हणतात प्रोसेसर तर निवांत आहे. सहा कोर, बारा थ्रेडच्या (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) प्रोसेसरवर एक थ्रेड पुरता गुंतला तरी एकूण आकडा ८ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. आणि रॅमची वाट बघत खोळंबलेला कोरसुद्धा विंडोज 'बिझी' म्हणूनच मोजतं.

राहिले ते 'गेम बूस्टर', म्हणजे गेम वेगवान करतो म्हणणारी सॉफ्टवेअरं. त्यांच्या नादी लागू नका, वर सांगितलेले ३२० ठोके कुठलंही सॉफ्टवेअर असं बटण दाबून कमी करत नाही, मागचे चार प्रोग्राम बंद करतं एवढंच. खंडेनवमीला कॅबिनेटची पूजा जरूर करा, फक्त हळदकुंकू पंख्यापासून लांब ठेवा, आणि त्याच दिवशी आतली धूळ काढलीत तर प्रोसेसर तापून मंदावायचा तरी कमी होईल.

तपासायचं कसं? हातात जो स्ट्रॅटेजी गेम आहे त्याचं उशिराचं सेव्ह उघडा आणि रिझोल्यूशन निम्मं करा. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) भराभर वाढले तर कार्ड कमी पडतंय, तसेच राहिले तर महागडं कार्ड घेऊनही टर्न तेवढाच वेळ खाणार. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या लिहिलेल्या वेगानं चालवायची सोय, चालू आहे का ते बघा, ३२०० ची रॅम कित्येकांकडे मुकाट २६६६ किंवा २१३३ वर चाललेली असते, याला पैसा पण लागत नाही. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी घाला, भाव चढलेत तरी. प्रोसेसर मात्र यादी आल्यावरच, आणि घ्यायचाच झाला तर दुकानदाराला आधी कॅशे किती ते विचारा.