श्वानांतील संधिवात : वेदनेचे व्यवस्थापन

कुत्र्यांच्या सांध्यांतील कूर्चा झिजून व सांध्याच्या आतील अस्तराला सूज येऊन होणारा हा दीर्घकालीन विकार पूर्णपणे बरा होत नाही. त्यामुळे उपचारांचा भर वेदना आटोक्यात ठेवण्यावर आणि हालचाल टिकवण्यावर असतो. प्रस्तुत नोंदीत या उपचारांचा विचार नागपूरचे हवामान व तेथील घरे लक्षात घेऊन केला आहे.

विकाराच्या नावाबाबत एकवाक्यता नाही. बोलण्यात ‘संधिवात’ हा शब्द सांध्यांच्या सर्वच दुखण्यांना लावतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींमध्ये ‘संधिगत वात’ येतो. त्यातील सुजलेल्या सांध्याचा स्पर्श वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा असतो, असे तेथे म्हटले आहे. ‘आमवात’ स्वतंत्र व्याधी म्हणून मांडला गेला तो माधवनिदानात, आणि त्या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. ७ वे ते ८ वे शतक मानतात. या दोन संज्ञांची आधुनिक रोगांशी घातलेली सांगड ढोबळच आहे; तथापि कुत्र्यांत सर्रास आढळणारा विकार संधिगत वाताच्या अधिक जवळचा दिसतो. आधुनिक परिभाषेतही ‘अपक्षयी संधिविकार’ आणि ‘अस्थिसंधिशोथ’ (शोथ म्हणजे दाहयुक्त सूज) अशी दोन नावे चालतात. पहिल्यात केवळ झिजेवर भर आहे. कूर्चेत मज्जातंतू नसतात, म्हणजे वेदना तेथे उपजत नाही. ती अस्तर, संधिकोश आणि कूर्चेखालचे हाड यांतून येते. शोथ कमी करणाऱ्या औषधांनी आराम का पडतो, हे त्यावरून समजते. म्हणून दुसरे नाव अधिक अन्वर्थक वाटते.

माणसांत हा विकार बहुधा उतारवयाशी जोडला जातो, तर कुत्र्यांत तो बहुतांशी दुय्यम असतो. नितंबाच्या किंवा कोपराच्या सांध्याची सदोष वाढ, गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे, वाटी सरकणे ही त्याची मुख्य कारणे होत. कुत्र्यांतील नितंबसांध्याच्या सदोष वाढीचे पहिले वर्णन अमेरिकेत १९३५ मध्ये झाले. लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्ड या जातींत हा दोष विशेष आढळतो आणि त्याची सुरुवात पिल्लाच्या वयातच होते. म्हणून ‘आता म्हातारा झाला’ हे घराघरांत ऐकू येणारे निदान पुष्कळदा उशिराचे असते.

वेदना होत असली तरी कुत्रा क्वचितच विव्हळतो. दुपारभर कूलरसमोर झोपलेला कुत्रा उठताना पुढचे पाय आधी टेकतो, मागचा भाग ओढून घेतो, चार-सहा पावले ताठ टाकतो आणि मग सैल होतो. आजवर स्कूटरच्या पायदानावर सहज उडी मारणारा कुत्रा पुढचे दोन पाय वर ठेवून मालकाच्या तोंडाकडे पाहत थांबतो. एकच सांधा सतत चाटणे व मांडीचे स्नायू बारीक होणे हीही लक्षणेच होत. क्ष-किरण चित्रातील बदल आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. लंगडण्याची इतर कारणेही तपासावी लागतात; गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया संसर्गातही सांधे सुजतात आणि मागचे पाय लुळे पडण्याचे मूळ मणक्यात असू शकते.

उपचारांत वजनाला पहिले स्थान द्यावे लागते. ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका प्रयोगात २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या गटात हा विकार उशिरा दिसला आणि त्या गटाचे मध्यक आयुर्मानही सुमारे १.८ वर्षांनी अधिक भरले. चहाबरोबरची बिस्किटे व पानातली उरलेली पोळी हिशेबात धरली जात नाही, ही खरी अडचण आहे.

औषधांत स्टेरॉइडरहित शोथशामके प्रमुख आहेत. कार्प्रोफेनला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मेलोक्सिकॅमची प्रचलित मात्रा पहिल्या दिवशी प्रतिकिलो ०.२ मिलिग्रॅम व नंतर रोज ०.१ मिलिग्रॅम अशी आहे. या हिशेबाने १० किलोच्या कुत्र्याला रोज १ मिलिग्रॅम पुरते. माणसांची १५ मिलिग्रॅमची गोळी त्याच्या पंधरापट होते. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक तर कुत्र्यांना घातकच आहेत. (भारतात डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली ती मात्र हे औषध दिलेल्या जनावरांचे मृत शरीर खाऊन गिधाडे मरत असल्यामुळे, मेलोक्सिकॅम त्यांना सुरक्षित ठरले.) स्टेरॉइडरहित शोथशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, त्यामुळे शरीरातील पाणी कमी झालेल्या जनावरात धोका वाढतो. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात ही बाब पुस्तकी राहत नाही. कुत्रा धापा टाकत असेल, उलट्या करत असेल किंवा पाणी पीत नसेल, तर गोळी थांबवून पशुवैद्याला विचारावे. दीर्घ उपचारात रक्ततपासणीही अधूनमधून करावी. गॅबापेंटिन व अमांटाडिन ही पूरक औषधे होत. ट्रॅमॅडॉल व ग्लुकोसामाइन यांच्या उपयोगाचा पुरावा दुबळा आहे, ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा त्याहून बरा. बेडिन्व्हेटमॅब या वेदनाशामक मासिक इंजेक्शनाला युरोपात २०२० मध्ये व अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर मज्जासंस्थेवरील दुष्परिणामांच्या नोंदीही पुढे आल्या.

फिरणे बंद करू नये. रोज थोडे, सारखे आणि सपाट जमिनीवर असावे. उन्हाळ्यात डांबर तापण्यापूर्वी पहाटे आणि ते निवल्यावर रात्री फिरवणे इष्ट. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात, म्हणून झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी किंवा रबरी चटई अंथरतात. कूलरचा गारवा उन्हाळ्यात हवाच, पण ओल्या फरशीवर निजू देऊ नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा थंडीत ताठरपणा वाढल्याचे अनेक मालक सांगतात, मात्र हवेचा परिणाम किती आणि कमी झालेल्या हालचालीचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते. जाड गादी व सकाळचा कोमट शेक उपयोगी पडतो. नितंबसांध्याचे दुखणे या सर्व उपायांनी हटले नाही, तर मांडीच्या हाडाचे डोके काढून टाकण्याच्या किंवा कृत्रिम सांधा बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करतात. शहरात सेमिनरी हिल्स भागातील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय हे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक महाविद्यालय असून तेथे अध्यापनाबरोबर जनावरांवर उपचारही होतात.