स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा लागला, तर आधी आकडे बघा

गाडीचं छोटं चित्र आणि तिच्या मागे दोन नागमोडी रेघा, असा पिवळा दिवा डॅशबोर्डवर असतो. ओल्या वळणावर तो क्षणभर लुकलुकून विझला, तर काळजी नको. गाडी घसरायला लागली होती आणि स्टॅबिलिटी कंट्रोल या यंत्रणेनं तिला सावरलं. पण सरळ, कोरड्या रस्त्यावर तो लागला आणि विझेचना, तर यंत्रणेनं बहुधा काम थांबवलेलं असतं. नेहमीचे ब्रेक तरीही लागतात. सोबत एबीएसचा, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा असेल, तर जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल, तर गाडी तिथेच थांबवावी.

बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ही यंत्रणा १९९५ मध्ये एस-क्लासच्या कूपे गाडीत आणली. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये रस्त्यात अचानक प्राणी आला असं समजून गाडी झटकन वळवण्याच्या चाचणीत नवी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीनं त्या छोट्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट बसवली. पुढे अमेरिकेत २०१२ च्या मॉडेल्सपासून आणि युरोपीय संघात २०१४ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. माझ्या मते सीटबेल्टनंतर इतकं मोलाचं दुसरं काही गाडीत आलेलं नाही. म्हणूनच हा दिवा पेटलेला ठेवून महिनोन्‌महिने गाडी चालवणं मला पटत नाही.

ड्रायव्हरला कुठे जायचंय, हे स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर सांगतो. गाडी खरोखर किती वेगानं स्वतःभोवती फिरतेय, हे यॉ सेन्सर सांगतो. त्याच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भाग सतत कंप पावत असतो. गाडी वळली की कोरिऑलिस परिणामामुळे, म्हणजे फिरत्या गाडीत हलणाऱ्या वस्तूला बाजूला ढकलणाऱ्या परिणामामुळे, तो बाजूला ढळतो आणि ते ढळणं मोजलं जातं. या दोन उत्तरांची तुलना कॉम्प्युटर सेकंदाला कित्येकदा करतो. गाडीचं नाक वळणाबाहेर सरकत असेल, तर मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावतो. शेपूट बाहेर फेकलं जात असेल, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. गरज पडली तर इंजिनाची ताकदही कमी करतो.

सेन्सर चुकतोय हे कॉम्प्युटरला कळतं, ते बहुतेक वेळा बाकीच्यांशी ताडून. सरळ रस्त्यावर चारही चाकांचा वेग जवळपास सारखा हवा, स्टिअरिंग शून्याजवळ, फिरणंही शून्य. एकाचं म्हणणं जुळलं नाही की दिवा लागतो. पण विसंगती दिसली म्हणजे दोषी सापडलाच असं नव्हे. एका टायरचा घेर वेगळा असला, तरी त्या चाकाचा आकडा बिनसतो, आणि सेन्सर धडधाकट असतो. त्यामुळे स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर, बिघाडाचा कोड दिसला की थेट तो पार्ट बदलायचा, ही पद्धत चुकीची आणि महागडी आहे.

आधी फुकटातलं तपासावं: टायरची हवा आणि साइझ, ब्रेक ऑइलची पातळी, बॅटरी. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.६ च्या आसपास असतो. पेडल दाबल्यावर मागचे ब्रेक लाइट लागतात का, हे दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगावं. पेडलजवळचा स्विच खराब असला, तरी हा दिवा लागू शकतो. इंजिनच मिसिंग करत असेल, तरी कित्येक गाड्या ही यंत्रणा बंद करतात. तिथे दुरुस्ती इंजिनाची करायची.

मग स्कॅनर. स्वस्त स्कॅनर बहुतेक इंजिनाचेच, म्हणजे ‘पी’नं सुरू होणारे कोड वाचतात. इथे एबीएस मॉड्यूलमधले ‘सी’चे कोड वाचणारा हवा. कोड बघून तिथेच थांबू नये. लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, उघडावा, गाडी संथ आणि सरळ चालवावी आणि शेजारी बसलेल्यानं चार चाकांचे आकडे बघावेत. तीन चाकं ताशी १२ किमी दाखवत असताना चौथं मध्येच शून्यावर पडलं, तर त्याच चाकाशी वाकावं.

तिथे चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं टोक चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगपासून जेमतेम मिलिमीटरभर असतं. सेन्सरच्या खाली गंज फुगला, तर तो वर उचलला जातो आणि सिग्नल कमजोर होतो. वायर दर खड्ड्याला आणि दर वळणाला वाकते. क्लिपजवळ आतली तार तुटलेली असते आणि वरचं आवरण शाबूत दिसतं. इंजिन बंद ठेवून, स्कॅनरकडे लक्ष ठेवत ती हलवून बघावी. बऱ्याच गाड्यांत ही रिंग चुंबकीय असते आणि बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली असते. तिच्यावर लोखंडाची भुकटी चिकटते. बेअरिंग उलटं ठोकलं गेलं, तर चुंबकीय बाजू सेन्सरपासून लांब जाते आणि नवं बेअरिंग टाकल्या दिवसापासून दिवा पेटलेला राहतो. नव्या प्रकारच्या सेन्सरला मल्टिमीटरच्या ओहम सेटिंगवर तपासू नये. आतलं सर्किट बिघडू शकतं.

चाकांच्या अलाइनमेंटनंतर दिवा लागला असेल, तर बहुधा स्टिअरिंगचा शून्य हललेला असतो. गाडी सरळ जात असताना स्कॅनर ६-७ अंश दाखवतो. पार्ट बदलायची गरज नाही, कॅलिब्रेशन करून, म्हणजे शून्य पुन्हा जुळवून घ्यावं. चाकांच्या ब्रेकचा दाब सांभाळणाऱ्या हायड्रॉलिक युनिटवर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी त्याचं अर्थिंग, फ्यूज आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी बघून.

दुरुस्तीनंतर कोड पुसले, तरी काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. चारही चाकं फिरताना कॉम्प्युटरला दिसली, त्यांचे आकडे जुळले, की थोडं अंतर गेल्यावर तो आपोआप जातो.